सातव्या शीटवरची रिकामी जागा

१

विद्यापीठाच्या वाळवलेल्या रोपांच्या संग्रहात, हर्बेरियममध्ये, सोमवारी सकाळी एक फोल्डर उघडलं आणि त्यात अकराच्या जागी दहाच शीटं निघाली. उघडणारी होती स्कॅनरवाली, म्हणजे वाळक्या झाडांचे फोटो काढून संगणकात चढवायला सहा महिन्यांपूर्वी नेमलेली मुलगी. तिने एकदा मोजली, दोनदा मोजली आणि मग हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

"मावशी," तिने हाक मारली, "जरा इकडे येता का? आणि येताना खुर्ची घेऊन या."

"खुर्ची कोणाला?"

"तुम्हाला."

डिंकमावशी खुर्ची न घेताच आल्या. चौतीस वर्षं त्यांनी या खोलीत एकच काम केलं होतं: दाबून वाळवलेली रोपं जाड कागदावर डिंकाने आणि दोऱ्याने पक्की बसवायची. रोप बसवलेल्या अशा एका कागदाला इथे शीट म्हणत. हा संग्रह सुरू झाला तेव्हा दोन लोखंडी ट्रंकांत मावत होता. आता शंभर कपाटं भरून उरला होता. त्यातली निम्मी शीटं मावशींच्या हातची होती आणि उरलेल्यांतली पुष्कळशी त्यांच्या आत्याच्या हातची. त्यांच्याआधी डिंकाची वाटी आत्याकडे होती. येत्या बुधवारी मावशी निवृत्त होणार होत्या.

गेलं होतं ते तिसरं शीट. फोल्डरमधली अकराही रोपं एकाच जातीची मानलेली होती आणि हा त्या जातीचा मूळ नमुना होता, म्हणजे ज्या रोपावरून जगात पहिल्यांदा त्या जातीचं वर्णन लिहिलं गेलं तेच रोप. असं रोप हरवलं तर दुसरं आणून चालत नाही. म्हणून मूळ नमुन्यांची फोल्डरं वेगळ्या कपाटात, कुलपात ठेवत. त्या कपाटाच्या दोनच किल्ल्या होत्या. एक विभागप्रमुख मॅडमच्या टेबलाच्या खणात असे, आणि त्या खणाला कुलूप नाही हे अख्ख्या विभागाला ठाऊक होतं. दुसरी मावशींच्या कमरेला होती.

"शुक्रवारी दुपारी मीच डांबरगोळ्या बदलल्या," मावशी म्हणाल्या. "तेव्हा अकरा होती. मोजून ठेवली."

"हे कोणापुढे म्हणू नका," स्कॅनरवाली हळूच म्हणाली. "शेवटचा हात तुमचाच ठरेल."

मावशींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या शीटांच्या कोपऱ्यांतले आकडे वाचत होत्या. गठ्ठा वरून खाली एक ते अकरा असा लागलेला असायचा. आता वरून खाली लागला होता तो असा: सहा, पाच, चार, दोन, एक. आणि मग सात, आठ, नऊ, दहा, अकरा, आपापल्या जागी.

"पोरी," त्या म्हणाल्या, "हा गठ्ठा आहे तसाच याचा एक फोटो काढून ठेव. आणि कोणाला दाखवू नकोस."

२

बातमी पंधरा मिनिटांत वर पोहोचली आणि विसाव्या मिनिटाला प्रमुख मॅडम खाली आल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांचं सगळं आयुष्य प्रयोगशाळेतल्या काचनळ्यांत गेलं होतं आणि हर्बेरियम त्यांच्या गळ्यात पडलं होतं, एवढंच. त्यांनी फोल्डर ओढलं आणि पुस्तकाची पानं उलटावीत तशी शीटं उलटायला लागल्या. दुसऱ्याच शीटचं एक पान तडकून टेबलावर पडलं.

"मॅडम, हात बाजूला घ्या," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"शीट उलटत नाहीत. रोप पालथं झालं की गळतं. एकेक उचलायचं, उताणंच शेजारी ठेवायचं. हे मी तुम्हाला चौथ्यांदा सांगतेय."

मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मावशींनी पडलेला तुकडा चिमट्याने उचलून त्याच शीटवरच्या कागदी पुडीत घातला. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात अशी एक घडीची पुडी चिकटवलेली असते. रोपाचं जे काही गळेल ते तिच्यात जातं, काहीही टाकून द्यायचं नाही हा इथला धर्म.

"मावशी, मी स्पष्टच बोलते," मॅडम म्हणाल्या. "बुधवारी तुम्ही जाताय. चौकशी लावली तर ती महिनोन्‌महिने चालेल, वर्तमानपत्रांत येईल. त्यापेक्षा एक साधं पत्र द्या. डागडुजी करताना शीट तुमच्याकडून गहाळ झालं. चूक झाली, हेतू नव्हता. विषय संपला."

"हे तुम्हाला आत्ता सुचलं?"

"मला नाही. फुलवाले सर म्हणाले की यात तुमचीच इभ्रत राहील. मसुदाही त्यांनीच केलाय."

मावशींनी पत्र वाचलं. भाषा फार गोड होती. चौतीस वर्षांच्या सेवेचा उल्लेख होता आणि वाढत्या वयाचा होता, थकलेल्या डोळ्यांचाही होता. त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि पिशवीत ठेवली.

"मग सही?"

"बुधवारी या वेळेला तुमच्या खोलीत येते. सगळे असू द्या. सही करायची की काय करायचं, ते तिथे सांगते."

"पण मावशी, तुम्ही नाही म्हणालात तर..."

"तर चौकशी लावा. माझे डोळे थकलेत की नाही, ते तेव्हा कळेल."

मॅडम गेल्यावर मात्र त्या खुर्चीवर बसल्या. संताप मस्तकात गेला होता. मग त्यांनी एकेक शीट उताणंच बाजूला ठेवत सातवं बाहेर काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. रोप जागेवर होतं. लेबल आणि पुडीही जागेवर होती. पण अडतीस वर्षांत पिवळटलेल्या त्या कागदावर, रोपाच्या उजव्या अंगाला, आगपेटीएवढी एक चौकोनी जागा नव्या कागदासारखी पांढरी होती.

३

तिथे एक चिठ्ठी होती. ती कोणाची होती आणि तीत काय होतं, हे मावशींना तोंडपाठ होतं. पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. चिठ्ठी नव्हती असं कोणी म्हणालं तर काय दाखवणार होत्या त्या? एक पांढरा चौकोन?

दुपारी त्यांनी स्कॅनरवालीला विचारलं, "हे कपाट आज सोमवारीच उघडायचं, हे कोणी ठरवलं?"

"तक्ता महिनाभर भिंतीवर आहे. आज इथलं शेवटचं कपाट. फोटो काढला की संध्याकाळपर्यंत जगात कोणीही बघू शकतं. कोपऱ्यातल्या चिठ्ठ्यासुद्धा वाचता येतात." मग तिने स्कॅनरचं झाकण लावलं. "मावशी, तुमचा माझ्यावर संशय आहे का?"

"तुला हा गठ्ठा बसल्या जागी, सगळ्यांदेखत मिळणार होता. तू कशाला शनिवारी चोरून उघडशील?"

"शनिवारी कशावरून?"

"शुक्रवारी मी दिवे मालवेपर्यंत इथे होते. रविवारी इमारत बंद असते. उरला कोणता वार?"

तिथून मावशी फुलवाल्या सरांकडे गेल्या. तीन वर्षांपूर्वी सरांनी एक नवी जात शोधली, परदेशी मासिकात छापली, आणि तेव्हापासून त्यांना सगळे याच नावाने ओळखत. खोलीत शिरल्या शिरल्या त्या फुलाचा हातभर मोठा फोटो दिसे. पाकळ्या जांभळ्या, मधे सात पुंकेसर पसरलेले, खाली ओळ: उत्तरेकडच्या टेकडीचा माथा, पाण्याच्या डबक्याकाठी. मॅडमच्या जागेवर पुढच्या वर्षी सरच येणार, असं सगळे धरून चालले होते.

"या, या मावशी. बसा. फार वाईट झालं हो."

"वाईट कसलं? सापडेल."

"मूळ नमुना सापडेल?" सर हसले. "इतक्या लाखभर शीटांत? तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता? सही करा, मोकळ्या व्हा. बुधवारी हारतुरे घेऊन आनंदाने घरी जा. मी स्वतः भाषण करणार आहे."

"माझ्या थकलेल्या डोळ्यांवर?"

सरांनी फोटोची चौकट उगाचच सरळ केली. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"सर, एक विचारू? तुम्ही शीट कधी उलटवता का हो, पुस्तकासारखं?"

"मी?" त्यांना ते लागलं. "पंचवीस वर्षांत एकदाही नाही. मी काय मॅडम आहे?"

"तेच म्हटलं," मावशी म्हणाल्या आणि उठल्या. दारापाशी त्यांना एक गोष्ट सुचली, इतकी साधी, की आपण सकाळपासून कपाटंच का धुंडाळली याचा त्यांना रागच आला.

४

"थंड पेटी," त्या स्कॅनरवालीला म्हणाल्या. "चल, साक्षीला चल."

थंड पेटी म्हणजे तळघराच्या जिन्याखालचा डीप फ्रीझर. बाहेरून येणारं कुठलंही शीट थेट कपाटात जात नाही. किडीचं एक अंडं आत गेलं तर कपाटाचा भुगा होतो. म्हणून शीट आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळून सात दिवस गोठवायचं. गठ्ठ्यावर आत ठेवल्याचा आणि बाहेर काढायचा दिवस लिहायचा आणि भिंतीवरच्या फळ्यावर नोंद करायची. मुदत संपेपर्यंत त्या गठ्ठ्याला प्रमुखसुद्धा हात लावत नाहीत.

"पण चोर इथे कशाला ठेवेल?" मुलीने विचारलं.

"विचार कर. चोर बाहेरचा असता तर शीटं भराभर उलटली असती आणि टेबलावर भुगा पडला असता. याने एकेक उचलून उताणं ठेवलंय. ज्याचा हात घाईतसुद्धा शीट पालथं करायला धजत नाही, तो मूळ नमुना जाळेल? फाडून टाकेल? त्याच्याने व्हायचं नाही. तो आपल्यातलाच आहे. चोरी करेल, माझ्या नावावर खपवेल, पण रोपाला इजा करणार नाही. मग ठेवेल कुठे? घरी नेलं तर कीड लागेल. कपाटात ठेवलं तर मी शोधेन, बुधवारपर्यंत दुसरं करायचंय काय मला? सात दिवस कोणी उघडणार नाही अशी इथे एकच जागा आहे."

फळ्यावर सहा गठ्ठ्यांची नोंद होती. पेटीत गठ्ठे निघाले सात.

सातवा सगळ्यांत खाली होता, सपाट आणि उताणा. वर पट्टी होती: आत शनिवार, बाहेर शनिवार. आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकखाली कोपऱ्यातला तीनचा आकडा स्वच्छ दिसत होता.

मुलीने गठ्ठ्याकडे हात नेला. मावशींनी तिचं मनगट धरलं.

"काढायचं नाही?"

"अजून दोनच दिवस झालेत. सात पुरे होऊ देत."

"मावशी, ही चोरीची वस्तू आहे!"

"असेल. पण कीड काय चोराला विचारून येते? तू फोटो काढ, पट्टीसकट." त्यांनी झाकण लावलं. "शीट सापडलं यात मोठंसं काही नाही. ते बुधवारनंतर आपोआप सापडणारच होतं, मी गेल्यावर. माझं जे हरवलंय ते या पेटीत नाही."

५

बुधवारी मॅडमच्या खोलीत चौघं जमली. मॅडम, फुलवाले सर, फोल्डर सांभाळून आणलेली स्कॅनरवाली आणि मावशी. टेबलाच्या एका कडेला हार ठेवला होता. मावशींनी पिशवीतून पत्र, कात्री आणि डिंकाची वाटी काढली आणि समोर मांडली.

"मूळ नमुना थंड पेटीत आहे," त्या म्हणाल्या. "सुखरूप. शनिवारी बाहेर निघेल. त्याआधी कोणी काढू नका."

मॅडम उठल्याच. स्कॅनरवालीने फोटो पुढे केला. सर म्हणाले, "अरे वा, सापडलं. मग प्रश्नच मिटला. मावशी विसरल्या असतील ठेवून."

"मी विसरले असते तर फळ्यावर नोंद असती. हात विसरत नाही. मॅडम, सात कोरे कागद द्या."

कागदांवर त्यांनी एक ते सात आकडे घातले, गठ्ठा लावला आणि सोमवारचा गठ्ठ्याचा फोटो शेजारी ठेवला. "आता तिसरा काढायचाय. एक उचलला, इथे ठेवला. दोन उचलला, त्याच्यावर ठेवला. तीन मिळाला. हे दोन परत ठेवले की गठ्ठा लागतो दोन, एक, चार, पाच. बरोबर? पण फोटोत काय आहे? सहा, पाच, चार, दोन, एक, सात. म्हणजे तीन मिळाल्यावरही हात चालूच राहिला. चार उचलला, पाच उचलला, सहा उचलला. थांबला तो सातवर. तीन नंबर ज्याला हवा, तो सहा शीटं कशाला उचलेल?"

मॅडमनी स्वतः कागद उचलून पाहिले, एकेक, उताणे. मावशींना ते बरं वाटलं.

"त्याला सातवं हवं होतं," मॅडम सावकाश म्हणाल्या. "पण सातवं तर जागेवर आहे."

"शीट आहे. चिठ्ठी नाही." मावशींनी पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "आता तिघांचं सांगते. मॅडम, तुम्ही नाही. तुम्ही असता तर शीटं उलटून क्रम तसाच राहिला असता आणि निम्मी रोपं टेबलावर असती. राग मानू नका. ही पोरगी नाही, कारण दोन दिवस थांबली असती तर फोल्डर तिच्याच हातात येणार होतं. चिठ्ठीचा फोटो जगाला दिसायच्या आत ती नाहीशी व्हावी, अशी गरज कोणाला होती? आणि चिठ्ठी होती असं सांगणारी एकच बाई इथे आहे. नमुना हरवल्याची कबुली देऊन ती निघून गेली, की तिच्या बोलण्याला किंमत किती उरते? म्हणून तिसरं शीट गेलं. मला खोटं पाडायला."

"काय होतं चिठ्ठीत?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या आत्याचं अक्षर होतं. 'बाकीच्यांत पुंकेसर पाच आहेत, यात सात. ही जात वेगळी वाटते. कोणीतरी बघावं.' तेहतीस वर्षं कोणी बघितलं नाही. पाच वर्षांपूर्वी मी स्वतः ती सरांना दाखवली."

फुलवाले सरांचा चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता.

"ही सगळी गोष्ट रचलेली आहे. ते फूल मी टेकडीवर जाऊन शोधलं. पायी, तीन पावसाळे."

"टेकडी खरी आणि तुमचे पायही खरे. पण कुठल्या टेकडीवर जायचं ते या सातव्या शीटच्या लेबलावर लिहिलंय. 'उत्तरेकडच्या टेकडीचा माथा, पाण्याच्या डबक्याकाठी.' तुमच्या भिंतीवरही हेच आहे, अक्षर न्‌ अक्षर. तुम्ही तेव्हा छापलंत आणि आत्याचा उल्लेखही केला नाहीत, आणि मी गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते. आता नाही बसणार."

"पुरावा?" सर म्हणाले. "चिठ्ठी कुठे आहे? एक डिंक लावणारी बाई पुंकेसर मोजत होती, हे कोण मानेल?"

मावशी याच प्रश्नाची वाट बघत होत्या.

६

त्यांनी सातव्या शीटवरची पुडी चिमट्याने अलगद सोडवली. "पुडीचं वरचं झाकण सगळेच उघडतात," त्या म्हणाल्या. "आतला भुगा बघतात आणि बंद करतात. पूर्ण पुडी कोणी उलगडत नाही, कारण पुन्हा तशी घडी घालता येत नाही. मला येते. आत्याने शिकवलीय. नवा कागद तिला मिळत नसे, म्हणून ती कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पुड्या करायची. आणि तिला काही सांगायचं असलं की आधी आतून लिहायची, मग घडी घालायची. वर चिठ्ठी लावली तर साहेब लोक ओरडतील, अशी भीती होती तिला. यावेळी तिने दोन्ही केलं."

घडीमागून घडी उलगडत गेली. कॅलेंडरचं पान निघालं, अडतीस वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारचं. पाठीवर पेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळी होत्या: फूल कोमट पाण्यात भिजवून उघडलं. सात पुंकेसर. दुसरं फूल उघडलं, सात. खाली पूर्ण नाव होतं, आडनावासकट. आणि नावाखाली डिंकाच्या ठिपक्यांवर सात पुंकेसर, केसाएवढे, एका रांगेत बसवलेले.

मॅडमनी भिंग घेतलं आणि मोजले. मग भिंग सरांच्या पुढे केलं. सरांनी ते घेतलं नाही.

"चिठ्ठी मी फाडली," ते म्हणाले. "पुडीला हात लावला नाही. पुडी कशी टाकणार?"

"ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर मी निश्चिंत होते."

"शास्त्रात नाव माझंच राहील, मावशी. जो छापतो त्याचं. नियम आहे तसा."

"राहू द्या. तुमचा नियम छापील कागदाचा. माझा शीटचा आहे."

त्यांनी सहीसाठी आणलेलं ते पत्र उलटं केलं. कोऱ्या बाजूवर पट्टी ठेवून मापलं, आगपेटीएवढा तुकडा कापला आणि पेन घेतलं. सगळे बघत होते. चौतीस वर्षांत मावशींनी शीटवर हजारो चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, दुसऱ्यांनी लिहिलेल्या. स्वतः लिहायची त्यांना परवानगी नव्हती. त्यासाठी पदवी लागे.

त्यांनी लिहिलं: बाकीच्यांत पुंकेसर पाच आहेत, यात सात. हे पहिल्यांदा ओळखलं ते हिने. मग आत्याचं नाव, कॅलेंडरवरची तारीख. आणि खाली, जरा लहान अक्षरात, स्वतःचं नाव.

"मावशी," मॅडम चाचरत म्हणाल्या, "मला पटतंय सगळं. पण ही चिठ्ठी अधिकृत व्यक्तीने लावायची असते. मी समितीपुढे विषय ठेवते, रीतसर..."

"ठेवा ना. नक्की ठेवा." मावशींनी बोटाने डिंक लावला, कडेपासून कडेपर्यंत, पातळ. चिठ्ठी पांढऱ्या चौकोनावर बसवली आणि टिपकागद ठेवून तळहाताने दाबून धरली. जुन्या चौकोनाची कड एका बाजूनेही दिसत नव्हती. "पण एकदा शीटवर लागलेली चिठ्ठी काढायचा अधिकार मग कोणालाच नसतो. समितीलासुद्धा नाही. हाही नियमच आहे, आणि तो मोडला की काय होतं ते आज आपण बघितलंच."

मावशींनी पुडीची एकेक घडी परत घातली, पुडी जागेवर चिकटवली आणि शीट स्कॅनरवालीच्या हातावर ठेवलं. हार टेबलावरच राहिला.

"डिंक वाळायला वीस मिनिटं लागतात," त्या म्हणाल्या. "मग फोटो काढ. मी थांबते तोवर."